एका तापाचा माग: बडोद्यातील स्वयंसेवकांनी हिवताप निर्मूलनाला हातभार कसा लावावा

पावसाळा लागला की बडोद्यातल्या मराठी मंडळांत आणि सोसायट्यांच्या सभांत एक प्रश्न हमखास विचारला जातो: "धुराची गाडी कधी येणार?" माझी नोकरीची बहुतेक वर्षे सूक्ष्मदर्शकाखाली हिवतापाच्या काचपट्ट्या पाहण्यात गेली आणि निवृत्तीनंतर मी स्वयंसेवकांच्या एका छोट्या गटासोबत हेच काम करतो, त्यामुळे या प्रश्नाला द्यायचे उत्तर मला पाठ झाले आहे. धुराने त्या घटकेला उडणारे डास मरतात. टाकीतल्या अळ्यांना त्याचा स्पर्शही होत नाही आणि चार दिवसांत नवी पिढी पंख पसरते. साथीच्या वेळी धुराला जागा आहे, परंतु निर्मूलनाचे खरे काम एका वहीत चालते. आलेला प्रत्येक ताप कोणत्या तारखेचा, तो माणूस गेल्या महिन्यात रात्री कुठे झोपत होता आणि त्याची शेवटची गोळी पोटात गेली की नाही, या तीन गोष्टींची ती वही असते. सोसायटीच्या सचिवांनी, शिक्षकांनी, महाविद्यालयीन स्वयंसेवकांनी ती कशी चालवावी, हे पुढे लिहिले आहे.

आधी थोडा इतिहास सांगावा लागेल, कारण तो विसरल्यामुळेच एकदा आपण हातातला डाव घालवला. स्वातंत्र्याच्या सुमारास देशात वर्षाला साडेसात कोटी लोकांना हिवताप होत असे आणि आठ लाख माणसे त्याने दगावत, असा अंदाज आहे. १९५३ मध्ये राष्ट्रीय नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, १९५८ मध्ये त्याचे निर्मूलन कार्यक्रमात रूपांतर झाले आणि डीडीटीच्या फवारणीने १९६५ च्या सुमारास रुग्णसंख्या लाखाच्या आसपास आली. रोग संपला असे समजून पाळत सैल झाली, डास कीटकनाशकांना दाद देईनासे झाले, शहरांकडे पुरेसे लक्ष गेले नाही आणि १९७६ मध्ये ६४ लाखांहून अधिक रुग्णांची नोंद झाली. शहरांसाठीची वेगळी हिवताप योजना त्याआधीच, १९७१ मध्ये, सुरू करावी लागली होती. आजच्या राष्ट्रीय आराखड्यात २०२७ पर्यंत स्थानिक रुग्ण शून्यावर आणायचे आणि २०३० पर्यंत निर्मूलन साधायचे असे ठरले आहे. जागतिक आरोग्य संघटना प्रमाणपत्र देते ते सलग तीन वर्षे एकही स्थानिक रुग्ण न सापडल्यावर. म्हणजे रुग्ण कमी झाल्यावर काम कमी होत नाही, उलट उरलेला एकेक रुग्ण अधिक महाग होतो.

बडोद्याला हे विशेष लागू पडते ते त्याच्या जागेमुळे. पूर्वेला छोटा उदेपूर, पंचमहाल आणि दाहोद, त्यांच्या पलीकडे मध्य प्रदेशातले अलिराजपूर आणि झाबुआ. या डोंगराळ, आदिवासी पट्ट्यातून बांधकामावर, वीटभट्टीवर, रस्त्याच्या कामावर माणसे सहकुटुंब येतात आणि दिवाळीला, होळीला, पेरणीला परत जातात. हिवताप पसरवणारा ॲनॉफेलिस डास सहसा दोन-तीन किलोमीटरच्या पलीकडे उडत नाही. माणूस मात्र रक्तातला परजीवी घेऊन रात्रीच्या एसटीने शंभर-दीडशे किलोमीटर ओलांडतो. यावरून कोणी मजुरांना दोष देऊ लागले तर त्याला तिथेच थांबवावे. शहरातल्या अर्धवट इमारतीत, उघड्यावर झोपून, आपल्याच पाण्यात वाढलेल्या डासांकडून ताप घेऊन तो गावी नेणारेही पुष्कळ असतात. रहदारी दुतर्फा आहे, म्हणून एकट्या शहराने किंवा एकट्या जिल्ह्याने हे काम तडीस जात नाही.

सुरुवात कुठून करावी

आपल्या प्रभागाच्या शहरी आरोग्य केंद्रापासून. स्वतःची मोहीम, स्वतःचा फलक आणि स्वतःचे औषध घेऊन उतरू नये. सरकारी यंत्रणेच्या नोंदीत न आलेला रुग्ण निर्मूलनाच्या दृष्टीने सापडलेलाच नसतो. केंद्रात जाऊन वैद्यकीय अधिकाऱ्यांना भेटावे, आपल्या भागात कोणत्या आशाताई आणि कोणते आरोग्य कर्मचारी फिरतात ते विचारून घ्यावे, रक्ताचा नमुना किती वाजेपर्यंत घेतात आणि निकाल केव्हा मिळतो ते लिहून घ्यावे. जमल्यास गेल्या वर्षीचे तीन आकडे मागावेत. पहिला, लोकसंख्येच्या किती टक्के लोकांचे रक्त वर्षभरात तपासले गेले. दुसरा, तपासलेल्यांपैकी किती टक्के बाधित निघाले. तिसरा, दर हजार लोकांमागे वर्षाला किती रुग्ण सापडले. समजा, वीस हजारांच्या प्रभागात दोन हजार नमुने तपासले आणि बारा बाधित निघाले, तर पहिला आकडा दहा टक्के, दुसरा ०.६ टक्के आणि तिसरा हजारी ०.६ होतो. तपासणीचे प्रमाण वर्षाला किमान दहा टक्के असावे, असा आपल्याकडे जुना दंडक आहे. त्याच प्रभागात नमुने पाचशेवर आले आणि रुग्ण तीन निघाले, तर हजारी प्रमाण ०.१५ दिसेल आणि सभेत टाळ्या पडतील. प्रत्यक्षात हिवताप जागच्या जागी असेल, फक्त कोणी पाहिलेला नसेल. तिसरा आकडा पहिल्या आकड्याशिवाय कधीही वाचू नये.

पाणी कसे पाहावे

शहरातला हिवताप प्रामुख्याने ॲनॉफेलिस स्टीफेन्साय या डासामुळे पसरतो आणि त्याची आवड आपल्या समजुतीच्या उलट आहे. त्याला गटार नको असते. झाकण नीट न बसणारी गच्चीवरची टाकी, अंगणातला हौद, कारंजे, विहीर असे स्वच्छ, स्थिर पाणी त्याला हवे असते. ग्रामीण भागातला मुख्य वाहक, ॲनॉफेलिस क्युलिसिफेसीज, पावसाची डबकी, कालव्याची पाझरणी आणि ओसरत्या नदीच्या पात्रातले खळगे पसंत करतो, म्हणून शहराच्या कडेला राहणाऱ्यांनी दोन्हीकडे पाहावे. स्टीफेन्साय माणसाच्या पाणी साठवण्याच्या सवयीवर इतका जगतो की २०१२ मध्ये तो आफ्रिकेतल्या जिबूतीत आढळला आणि तिथल्या शहरांना नवी चिंता लागली.

दांडिया बाजारातल्या एका जुन्या वाड्यात आम्ही गेलो होतो तेव्हाची गोष्ट. "काकू, टाक्याचे झाकण उघडून पाहू का?" असे विचारल्यावर काकू जरा दुखावल्याच. "अहो, पिण्याचे पाणी आहे, दर दिवाळीला उपसतो." झाकण उघडले; पाणी आरशासारखे होते. आमच्यातला एक मुलगा लगेच वाकला, त्याची सावली पाण्यावर पडली आणि तो म्हणाला, काही नाही. दोन मिनिटे बाजूला उभे राहून, विजेरी तिरकी धरून पुन्हा पाहिले तेव्हा भिंतीलगत सात-आठ बारीक काड्या पाण्याच्या पृष्ठभागावर आडव्या पसरलेल्या दिसल्या. अळ्या सावलीला आणि हादऱ्याला घाबरून तळाशी जातात, म्हणून घाईने पाहणारा रिकाम्या हाताने परततो. पांढऱ्या वाटीला काठी बांधून ती कडेकडेने अलगद बुडवावी आणि पाणी उजेडात पाहावे. अळी पृष्ठभागाला समांतर, आडवी असेल तर ती ॲनॉफेलिसची. शेपटीकडची श्वसननळी वर ठेवून डोके खाली लोंबकळत असेल तर ती क्युलेक्स किंवा डेंगीच्या एडिसची. काकूंना वाटी दाखवली तेव्हा त्यांनी चष्मा पुसून स्वतः मोजल्या. त्यानंतर त्या वाड्यात आम्हाला कधी विनवणी करावी लागली नाही, शेजारच्यांना त्याच सांगत.

अंड्यापासून डास होण्यास उष्ण हवेत आठवडा ते दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळायचा. तो कोणता असावा यावर सभेत तासभर घालवू नये. नळाला पाणी भरपूर येण्याच्या आदल्या दिवशी ठेवला तर लोक तो पाळतात, एवढे आमच्या अनुभवाने सांगतो. भांडे रिकामे करून कडा काथ्याने घासाव्यात. ॲनॉफेलिसची अंडी पाण्यावर तरंगतात, परंतु एडिसची अंडी कडेला चिकटतात आणि कोरडी राहूनही महिनोन् महिने टिकतात. घासल्याने डेंगीचाही बंदोबस्त होतो. जी टाकी उपसणे शक्य नाही तिचे झाकण घट्ट बसवावे आणि हवेच्या नळीच्या तोंडाला बारीक जाळी बांधावी. अळीनाशक बाजारातून आणून अंदाजाने ओतू नये, ते मलेरिया कर्मचाऱ्याकडूनच मापाने घालून घ्यावे.

गप्पी माशांबद्दल बडोदेकरांना दूर पाहण्याची गरज नाही. शेजारच्या खेडा जिल्ह्यात, नडियाद परिसरातल्या गावांत, १९८३ पासून मलेरिया रिसर्च सेंटरने डॉ. व्ही. पी. शर्मा यांच्या नेतृत्वाखाली कीटकनाशकांवर विसंबून न राहता हिवताप रोखण्याचा प्रयोग केला. खड्डे बुजवणे, साचलेल्या पाण्याला वाट काढून देणे, गप्पी मासे सोडणे, पाण्यावर थर्माकोलच्या मण्यांचा थर पसरून अळ्यांचा श्वास कोंडणे, अशी सगळी साधी साधने त्यात होती आणि ती गावकऱ्यांच्या हातांनी चालली. हौद, कारंजे, वापरात नसलेली विहीर इथे गप्पी मासे आजही उपयोगी आहेत. मात्र उत्साहाच्या भरात ते विश्वामित्री नदीत किंवा नैसर्गिक तळ्यांत सोडू नयेत. बाहेरून आलेला मासा स्थानिक माशांच्या मुळावर येतो.

बांधकामाच्या जागा सर्वांत महत्त्वाच्या आणि सर्वांत दुर्लक्षित. स्लॅब भिजत ठेवण्यासाठी केलेले सिमेंटचे वाफे, लिफ्टचा खड्डा, तळघरात साचलेले पाणी, विटा भिजवण्याचा हौद, ही सगळी पाहावीत. इंजिनिअरशी वाद घालण्यापेक्षा मुकादमाला आणि चौकीदाराला हाताशी धरावे, कारण पाणी तेच सोडतात आणि तेच बंद करतात. वाफे आठवड्यातून एकदा पूर्ण सुकू देऊन पुन्हा भरले तर भिजवण्याच्या कामात फारसे अडत नाही. एवढी एक गोष्ट मान्य करून घेतली तरी फेरी सार्थकी लागते.

तापाची चौकशी

ताप आलेल्या प्रत्येकाचे रक्त, शक्यतो पहिल्या चोवीस तासांत आणि कोणतेही हिवतापाचे औषध देण्याआधी, तपासले जावे. थंडी भरेल तेव्हाच रक्त घ्यावे, ही जुनी समजूत सोडून द्यावी. नमुना कोणत्याही वेळी घेता येतो. घाई कशासाठी, तर हिवतापाचे आपल्याकडचे दोन मुख्य प्रकार व्हायवॅक्स आणि फाल्सिपेरम; व्हायवॅक्स प्रकारात डासाला लागण करणारी परजीवीची अवस्था ताप येतो त्याच सुमारास रक्तात हजर असते, तर फाल्सिपेरममध्ये ती साधारण दहा दिवसांनी दिसते. पहिल्या प्रकारात उशीर झाला तर डास आधीच पोसला गेलेला असतो. दुसऱ्या प्रकारात वेळेवर पकडले तर साखळी खरोखर तुटते.

सुई टोचणे हे स्वयंसेवकाचे काम नाही, परंतु चांगली काचपट्टी कशी दिसते हे त्याला ठाऊक असावे, म्हणजे वाईट पट्टी प्रयोगशाळेत जाण्याआधीच टोकता येते. एकाच काचेवर दोन थर असतात, एक जाड आणि एक जिभेच्या आकाराचा पातळ. जाड थर इतका असावा की काच वर्तमानपत्रावर ठेवली असता खालची अक्षरे त्यातून जेमतेम वाचता यावीत. अक्षरे अजिबात दिसली नाहीत तर थर धुताना निघून येतो. लख्ख दिसली तर रक्त अपुरे असते आणि शंभर क्षेत्रे पाहूनही मोजके परजीवी निसटतात. काच सपाट ठेवून, माशा आणि धूळ टाळून वाळवावी. मला आलेल्या कितीतरी पट्ट्यांवर रुग्णाच्या रक्ताऐवजी मुंग्यांनी खाल्लेल्या वाटाच पाहाव्या लागल्या.

झटपट तपासणीच्या किटने पंधरा-वीस मिनिटांत निकाल मिळतो आणि दूरच्या साइटवर त्याला पर्याय नाही. त्याचे दोन अवगुण मात्र लक्षात ठेवावेत. एक, ते उष्णतेने बिघडते. मे महिन्यात मोटारसायकलच्या डिकीत दुपारभर राहिलेल्या किटवर विश्वास ठेवू नये. दुसरे, फाल्सिपेरमची रेघ रुग्ण बरा झाल्यावरही काही आठवडे उमटू शकते, म्हणून औषध लागू पडले की नाही हे किटने ठरवू नये, त्यासाठी काचपट्टीच लागते.

मग वही उघडावी. "कुठून आलात?" असे विचारले की उत्तर येते, "इथलाच." त्याऐवजी "गेल्या महिन्यात कोणकोणत्या ठिकाणी रात्री झोपलात?" असे विचारावे. ॲनॉफेलिस संध्याकाळनंतर पहाटेपर्यंत चावतो आणि चावल्यापासून ताप येईपर्यंत साधारण एक ते तीन आठवडे, कधी त्याहून अधिक दिवस जातात, म्हणून आजचा पत्ता फारसा उपयोगाचा नसतो. वर्षभरात पूर्वी हिवताप झाला होता का, हेही विचारावे; व्हायवॅक्सचे परजीवी यकृतात दडून राहतात आणि महिन्यांनी पुन्हा ताप आणतात. गावाचे नाव लिहिताना तालुका आणि फळिया, म्हणजे गावातली वस्तीही, लिहून घ्यावी, कारण एकाच नावाची गावे शेजारच्या दोन तालुक्यांत सापडतात आणि नुसते नाव घेऊन तिकडच्या कर्मचाऱ्याला काहीच करता येत नाही. आपण बडोदेकर गुजराती सहज बोलतो, त्याचा इथे उपयोग होतो; तरी डोंगरपट्ट्यातल्या स्त्रियांशी बोलताना त्यांच्यातलीच एखादी जाणती बाई बरोबर असावी. वहीतली नावे आरोग्य केंद्राखेरीज कोणालाही दाखवू नयेत, ठेकेदाराला तर नाहीच. तापाच्या नोंदीमुळे रोजंदारी गेली तर पुढचा ताप आपल्यापासून लपवला जाईल.

ग्लानी, झटके, काविळीची छटा, धाप, काळपट लघवी, पाणीही पोटात न ठरणे, यांपैकी काहीही दिसले, किंवा रुग्ण गर्भवती अथवा तान्हे मूल असेल, तर वही बाजूला ठेवून थेट रुग्णालय गाठावे.

चौदा दिवस

व्हायवॅक्समध्ये तीन दिवस क्लोरोक्वीन आणि यकृतात दडलेल्या परजीवींसाठी चौदा दिवस प्रायमाक्वीन देण्याची पद्धत आहे. तिसऱ्या दिवशी ताप जातो, माणूस कामावर जातो आणि गोळ्या खिशात राहतात. फाल्सिपेरमला तीन दिवसांचे आर्टेमिसिनिनयुक्त मिश्र औषध आणि प्रायमाक्वीनचा एकच डोस असतो, त्यामुळे तिथे अडचण कमी. औषध आणि मात्रा डॉक्टरच ठरवतात. गर्भवती स्त्रियांना आणि तान्ह्या बाळांना प्रायमाक्वीन देत नाहीत आणि ज्यांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी हे विकर कमी असते त्यांच्या तांबड्या पेशी त्याने फुटू शकतात. लघवी गडद झाली, डोळे पिवळे दिसू लागले तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे, हे रुग्णाला पहिल्याच दिवशी सांगावे.

एका साइटवर मी स्वतः चुकलो. तरुण मजुराला व्हायवॅक्स निघाला, गोळ्या मिळाल्या, मी पाचव्या दिवसापर्यंत रोज जाऊन विचारले आणि नंतर मुकादमावर सोपवून निर्धास्त झालो. आठव्या दिवशी सगळी टोळी दुसऱ्या साइटवर हलली होती. काही महिन्यांनी तोच मुलगा तापाने फणफणत परत आला. उरलेल्या गोळ्या त्याच्या पेटीत तशाच, कागदात गुंडाळलेल्या होत्या. तेव्हापासून आम्ही चौदा चौकटींचा एक कागद देतो, जेवणानंतर गोळी घेतली की चौकटीवर फुली, आणि रुग्णाच्या एका नातेवाइकाचा फोन नंबर आधीच लिहून घेतो. घरातल्या रुग्णासाठी भिंतीवरचे कालनिर्णय पुरते.

वेळेचे भान

२०२१ मध्ये हिवतापमुक्त ठरलेल्या चीनने एक-तीन-सात असे वेळापत्रक पाळले: निदान झाल्यापासून एका दिवसात नोंद, तीन दिवसांत रुग्णाची चौकशी, सात दिवसांत त्याच्या परिसरात कारवाई. आपल्या गटाने हेच तीन रकाने वहीत आखावेत. पहिला आरोग्य केंद्राला कळवल्याची तारीख दाखवतो. दुसऱ्यात ताप इथला की बाहेरचा की जुनाच आजार उलटलेला, याबद्दल केंद्राने ठरवलेले उत्तर लिहावे. तिसऱ्यात आसपासच्या घरांतले तापाचे रुग्ण आणि पाण्याची ठिकाणे तपासल्याची नोंद असावी. रुग्ण इथला ठरला तर तिसरा रकाना भरेपर्यंत दुसरे काम हाती घेऊ नये, कारण त्याला चावलेला डास अजून गल्लीतच आहे. मच्छरदाण्या आणि लांब बाह्यांचे कपडे यांविषयी सगळ्यांना माहिती असते. फक्त साइटवर झोपणाऱ्या कुटुंबांना मच्छरदाणी बांधायला खुंट्याच नसतात, तेव्हा दाणीबरोबर सुतळी आणि चार बांबू द्यावेत.

होळीच्या आठवडाभर आधी आणि दिवाळीआधी सर्व साइटवर एक जादा फेरी घालावी. ज्याच्या चौदा चौकटी पूर्ण झालेल्या नाहीत त्याला उरलेल्या गोळ्या मोजून द्याव्यात, कागदावर त्याच्या गावाजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राचे नाव लिहावे आणि आपल्या केंद्रामार्फत तिकडे निरोप पाठवण्याची विनंती करावी. तो निघण्याआधी नातेवाइकाचा नंबर त्याच्यासमोरच लावून पाहावा. चौदाव्या दिवशी संध्याकाळी, माणसे शेतातून घरी आल्यावर, फोन करावा. नेटवर्क नसले तर पंधराव्या दिवशी पुन्हा करावा आणि उत्तर मिळाल्यावरच वहीत शेवटची फुली मारावी.